पावसाआधीची पालवी



प्रायश्चित्तकाळ सुरू झाला की आम्हां धर्मगुरूंच्या हाती प्रवचनांची पुस्तके येतात आणि त्यांत वसंताचे वर्णन हमखास असते. बर्फ वितळते, नद्या खळखळू लागतात, गोठलेल्या जमिनीतून लिलीचा कोंब वर येतो, आणि त्या कोंबाकडे बोट दाखवून प्रवचनकार म्हणतो की, पाहा, ख्रिस्त असाच उठला. वर्णन सुंदर आहे. ज्यांनी ते लिहिले त्यांच्या देशात ते खरेही आहे. परंतु खानापूर-चंदगडच्या रानात किंवा बेळगावच्या पूर्वेस शाळूच्या काळ्या जमिनीत राहणाऱ्या माणसाने ते ऐकून काय समजावे? आपल्याकडे बर्फ पडत नाही. फाल्गुन-चैत्रात आपल्या नद्या वाहू लागत नाहीत, आटू लागतात. विहिरीचा तळ दिसू लागतो, रानात पाचोळ्याचा थर साचतो, उसाच्या शेवटच्या गाड्या कारखान्याकडे जातात आणि सोसायटीचा निरोप येतो की तारीख जवळ आली, कर्जाचे पाहा. आपल्या शेतकऱ्याला मार्च महिना म्हटला की वसंत आठवत नाही, मार्चअखेर आठवते.

मग वसंत हे ख्रिस्ती श्रद्धेचे प्रतिबिंब आहे असे आपल्याकडे म्हणावे की म्हणू नये? आमचे मत असे की, जरूर म्हणावे. परंतु ते आपल्या वसंताकडे पाहून म्हणावे. आपला वसंत निराळा आहे. तो कोरड्यात येतो. आणि कोरड्यात येतो म्हणूनच श्रद्धेविषयी तो आपणांस जे सांगतो ते बर्फाच्या देशातील वसंतालाही सांगता येणार नाही.

पवित्र भूमीतील वसंत

प्रथम प्रभू येशूच्या देशाचे पाहू. त्या देशात पाऊस हिवाळ्यात पडतो. साधारणपणे ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत तेथील पावसाचे दिवस. त्यामुळे तेथे वसंत येतो तो पावसाच्या पाठोपाठ. डोंगर हिरवे झालेले असतात, रानफुले उमललेली असतात आणि शेतात जव पिवळे पडू लागलेले असते. इस्राएल लोक मिसर देशाच्या दास्यातून निघाले त्या महिन्याला जुन्या करारात अबीब म्हटले आहे. अबीब म्हणजे दाणा भरत आलेली कणसे. पहा, दास्यमुक्तीच्या महिन्याला नाव मिळाले ते कणसांवरून.

लेवीयाच्या पुस्तकात आज्ञा आहे की, कापणीची पहिली पेंढी याजकाकडे आणावी, याजकाने ती देवासमोर ओवाळावी, आणि तोवर नव्या धान्याचा दाणा कोणी तोंडात घालू नये. वल्हांडणाच्या दिवसांतच ही पेंढी अर्पण होई. तेथून पन्नास दिवस मोजले की गव्हाच्या कापणीचा सण, ज्याला आपण पेन्टेकॉस्ट म्हणतो. प्रभू याच दिवसांत मरण पावला आणि याच दिवसांत उठला. म्हणून संत पौल करिंथकरांस लिहिताना ख्रिस्ताला मेलेल्यांतील प्रथमफळ म्हणतो. ही भाषा शेतकऱ्याची आहे. पहिली पेंढी घरी आली म्हणजे बाकीचे शेत मागून येणार, हे शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. एक उठला, आता आपली पाळी आहे, एवढेच पौलाला सांगावयाचे होते.

सणाची तारीखही याच ऋतूला बांधलेली आहे. सर्व ख्रिस्ती लोकांनी पुनरुत्थानाचा सण एकाच रविवारी पाळावा असे इ. स. ३२५ साली निकेया येथील धर्मसभेत ठरले. आज आपण जो नियम पाळतो तो असा: २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा पास्काचा रविवार. त्यामुळे हा सण २२ मार्चच्या आधी येत नाही आणि २५ एप्रिलच्या पुढे जात नाही. सूर्य पाहावयाचा आणि चंद्रही पाहावयाचा, ही रीत पंचांग वापरणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास नवी नाही. इंग्रजीत प्रायश्चित्तकाळाला ‘लेंट’ म्हणतात. त्या शब्दाचा जुना अर्थ वसंत ऋतू असाच आहे आणि दिवस लांबत जाणे या कल्पनेतून तो आलेला आहे. दिवस लांबत जाणे ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आपल्या रानात तिचे काम मोठे आहे.

आपल्या रानातील वसंत

आपल्याकडे पावसाचे मान उलटे आहे. जून ते सप्टेंबर पाऊस, ऑक्टोबरात परतीच्या सरी, आणि पुढे कोरडे. एकाच जिल्ह्यात कणकुंबीकडे पाऊस कोसळतो आणि अथणीकडे ढग पाहून समाधान मानावे लागते, तरी फेब्रुवारी उजाडेपर्यंत दोन्हीकडे आभाळ सारखेच कोरडे असते. रानातील कित्येक झाडे या दिवसांत पाने टाकतात. पाहणाऱ्याला वाटते की झाड गेले.

आणि नेमक्या याच वेळी पळस पेटतो. अंगावर एक पान नसताना पळस, पांगारा आणि सावर फुलांनी लाल होतात. कुसुंबाला तांबडी पालवी फुटते, पिंपळाला तांबूस कोवळी पाने येतात, करंज हिरवागार होतो, कडुनिंब फुलतो. पावसाला अजून दोन-तीन महिने असतात, ऊन रोज वाढत असते, आणि या झाडांनी नवी पाने काढलेली असतात. आपले हिंदू शेजारी पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने गुळाबरोबर खातात ती याच पालवीतली. ऋतू सर्व शेतकऱ्यांचा सारखाच आहे.

हे कसे घडते? झाडाचे पाणी खर्च होते ते मुख्यत्वे पानांवाटे. पाने गाळली की तो खर्च थांबतो. मग खोल गेलेल्या मुळ्या जमिनीतील उरलेली ओल हळूहळू वर ओढतात आणि खोडात पुन्हा पाणी भरते. सावर, पांगारा यांची खोडे मऊ असतात, त्यांत पाणी बरेच साठते. असे हे मागच्या पावसाचे पाणी झाडाने जपून ठेवलेले असते. परंतु जागे होण्याची वेळ झाड ठरविते कशावरून? उष्ण प्रदेशातील कोरड्या रानांचा अभ्यास करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञांना असे आढळले आहे की, यांतील अनेक झाडे पहिल्या पावसाच्या कित्येक आठवडे आधी पालवतात आणि त्यांना जागे करतो तो वाढता दिवस. आपल्या भागात २२ डिसेंबरच्या मानाने २१ मार्चचा दिवस जवळजवळ तासभर मोठा असतो. तेवढा प्रकाश वाढला की झाड कामाला लागते. पावसाची खात्री करून घेण्यासाठी ते थांबत नाही.

शाळूचेही तसेच. शाळू पावसावर वाढत नाही. पावसाने काळ्या जमिनीत मुरविलेल्या ओलीवर तो वाढतो, आणि ज्या दिवसांत पवित्र भूमीत जवाची कापणी होत असे त्याच दिवसांच्या आगेमागे आपल्याकडे शाळू, हरभरा आणि गहू घरी येतो. म्हणजे आपला वसंत साठवलेल्या पाण्यावर आणि वाढत्या उजेडावर जगतो.

हे श्रद्धेचे प्रतिबिंब कसे?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मात्र त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करणे आमचे कर्तव्य आहे. पालवी फुटली म्हणून पुनरुत्थान सिद्ध होत नाही. पळस मेलेला नव्हता, तो फक्त तसा दिसत होता. प्रभू मात्र खरोखर मेला होता. भाल्याने त्याची कूस भोसकली गेली, त्याला पुरले आणि धोंडा लावला. झाड दर वर्षी निष्पर्ण होते व दर वर्षी पालवते. ख्रिस्त एकदाच मेला, एकदाच उठला, आणि पुन्हा मरावयाचा नाही. जे वक्ते निसर्गाच्या फेऱ्यालाच पुनरुत्थान म्हणतात ते आपल्या श्रद्धेला फार स्वस्त करतात. वसंत हे प्रतिबिंब आहे. आरशातले तोंड म्हणजे माणूस नव्हे, पण तोंडावर काय उमटले आहे ते आरशात दिसते, एवढाच त्याचा उपयोग.

तर या आरशात काय दिसते? पहिली गोष्ट ही की, श्रद्धा पाऊस पडून गेल्यावरची नसते. पीक चांगले आले, भाव मिळाला, मुलाला नोकरी लागली, मग देवाचे आभार मानले, याला कृतज्ञता म्हणावे, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. परंतु पुनरुत्थानाची पहाट अशी उजाडली नव्हती. संत योहान सांगतो की मग्दालिया मरिया कबरेकडे निघाली तेव्हा अजून अंधार होता. शिष्य दारे लावून बसले होते. रोमी सत्ता तीच होती, यरुशलेमचे अधिकारी तेच होते, बाहेर काही बदलले नव्हते. बदल झाला होता तो फक्त कबरेत. आणि उठलेल्या प्रभूच्या हातांवरील खिळ्यांचे व्रण तसेच होते. व्रण बुजण्याची वाट न पाहता तो उठला होता.

दुसरी गोष्ट ही की, कोरड्यात फुलावयाचे तर ओल आधी साठवावी लागते. २०२३ साली पाऊस कमी झाला आणि कर्नाटकात २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर झाले, हे आपण विसरलो नाही. त्यानंतरचा पास्का ३१ मार्च २०२४ रोजी आला. त्या प्रायश्चित्तकाळात अनेक गावांत टँकरची वाट पाहिली जात होती, आणि तरी रस्त्याच्या कडेचे पळस फुलले होते. त्यांची मुळे खोल होती. घरातील सायंप्रार्थना, रविवारची मिस्सा, मुलांना शिकविलेले ख्रिस्ती शिक्षण, आजीने म्हटलेली रोझरी या गोष्टी सुबत्तेच्या दिवसांत निरुपयोगी वाटतात. ती ओल आहे. आभाळ कोरडे झाले की माणूस तीवर तगतो. ती नसेल तर संकटाच्या दिवशी धर्मगुरूने कितीही उपदेश केला तरी तो वरवरच्या शिंपणासारखा उडून जातो.

तिसरी गोष्ट गळलेल्या पानांची. झाड पाने टाकते ती तगण्यासाठी. प्रायश्चित्तकाळात आपण जे सोडतो त्याचाही हेतू हाच असावा. दारू सोडावी, ती सोडल्याने वाचलेला पैसा घरात राहावा. लग्नकार्यातला ऐपतीबाहेरचा खर्च सोडावा. भाऊबंदकीतला बांधाचा जुना तंटा सोडावा. गळू द्यावयाची पाने बहुतेक आपल्या सर्वांच्या अंगावर असतात.

जाळावयाचे काय आणि काय नाही

श्रद्धेचे बोलणे शेतापर्यंत पोहोचत नसेल तर ते व्यर्थ आहे, म्हणून आता या पानाच्या मुख्य विषयाकडे वळतो. प्रभुमंदिरात वर्षातून एकदा आपण काही जाळून राख करतो. मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या त्या वाळक्या झावळ्या होत. ती चिमूटभर राख भस्म बुधवारी कपाळावर लावून आपण मातीचे आहोत हे कबूल करतो. आणि त्याच आठवड्यात आपल्यापैकी कित्येकजण घरी जाऊन उसाच्या पाचटाला काडी लावतात. हे दोन्ही एकत्र कसे बसते, हा प्रश्न आम्ही वाचकांना विचारू इच्छितो.

एक हेक्टर उसातून सुमारे ८ ते १० टन पाचट मिळते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र, थोडे स्फुरद, जवळपास एक टक्का पालाश आणि ३० टक्क्यांहून अधिक सेंद्रिय कर्ब असतो. काडी लागली की कर्ब आणि नत्र धुरातून निघून जाते, जमिनीच्या वरच्या थरातील जीवजंतू होरपळतात, आणि ज्या ओलीवर खोडव्याने उन्हाळा काढावयाचा ती ओल उडून जाते. मग तेच नत्र आपण पोत्यात विकत आणतो. याउलट पाचट सरीत, शक्य तर एक आड एक सरीत, दाबून ठेवावे. बुडख्यांवर पाचट राहू देऊ नये, म्हणजे फुटवे मोकळे येतात. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू खत त्यावर पसरून पाणी द्यावे. एकराला याच्या चाळीस टक्के धरावे. पाचटाचे आच्छादन झाले की पाण्याच्या पाळ्यांतील अंतर वाढविता येते आणि तणही कमी होते. खर्च आहे, मजूर मिळत नाही, ही अडचण आम्ही जाणतो. म्हणूनच चार शेजाऱ्यांनी पाळीपाळीने एकमेकांच्या शेतात हे काम करावे.

बांध पेटविताना हात आणखी आवरावा. ठिणगी बांध ओळखत नाही. मार्च २०२३ मध्ये शेजारच्या गोव्यात म्हादई अभयारण्यासह अनेक ठिकाणी वणवे लागले. आपल्या भागातील काजूच्या बागांना हीच भीती दर वर्षी असते. ज्या पाचोळ्याला आपण केर समजतो तो रानाचा साठा आहे. पाने गळतात, कुजतात, आणि पुढच्या पालवीचे अन्न होतात. हा क्रम देवाने लावलेला आहे. आपण मध्येच काडी लावून तो तोडतो. उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. परमगुरू फ्रान्सिस यांनी २४ मे २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हीच राखणीची जबाबदारी साऱ्या जगापुढे मांडली. परिपत्रक रोमहून आले असले तरी ते पाळावयाचे आपल्या बांधावर आहे.

आंब्याविषयी दोन शब्द. मोहोर पाहून मन भरते, पण शंभर फुलांमागे एकही फळ हाती लागत नाही, इतकी मोठी गळ निसर्गतःच असते. ती पाहून घाबरून जाऊन फवारणीवर फवारणी करू नये. झाड पूर्ण फुलोऱ्यात असताना कीटकनाशक मारले तर माश्या व मधमाश्या मरतात आणि परागीकरणच होत नाही. तुडतुडे व भुरीसाठी फवारणी करावयाची ती मोहोर उमलण्यापूर्वी आणि फळधारणेनंतर, कृषी खात्याच्या सल्ल्याने करावी.

अंगाची राखण

याच दिवसांत माणसाच्या अंगातील ओलही जपावी लागते. आपल्यातील काही वृद्ध मंडळी गुड फ्रायडेला पाण्याचा थेंबही न घेता उन्हातून क्रूसाच्या वाटेस येतात. त्यांच्या भक्तीला आम्ही वंदन करतो, पण पवित्र सभेने हे मागितलेले नाही. सक्तीचा उपवास वर्षात दोनच दिवस आहे, भस्म बुधवारी आणि गुड फ्रायडेला, आणि तोही १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पाऊल टाकेपर्यंत. त्यात एक पूर्ण जेवण घेता येते. पाणी व औषध यांना मनाई नाही. आजारी माणसे, गरोदर स्त्रिया आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांच्यावर बंधन नाही. मधुमेहाच्या रोग्याने उपाशी राहून बेशुद्ध पडणे याला प्रायश्चित्त म्हणता येत नाही.

दुपारी बारा ते तीन शेतातील कष्टाची कामे टाळावीत, डोक्याला ओले फडके बांधावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. घाम फार गेला किंवा जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोट घोट द्यावे. अंग तापले, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजावा. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर गार पाणी घालून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

काजू वेचणाऱ्या आणि रानात पाला, लाकूडफाटा गोळा करणाऱ्या भगिनींना दुसरी एक सूचना. माकडताप हा रोग १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात प्रथम ओळखला गेला. गेल्या काही वर्षांत तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, सिंधुदुर्गातील दोडामार्गाकडे आणि बेळगाव जिल्ह्यातून काजूच्या कामास गेलेल्या मजुरांतही आढळला. रानातील गोचिडीच्या चाव्याने तो होतो आणि डिसेंबर ते मे हेच त्याचे दिवस. म्हणून रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, आरोग्य केंद्रात मिळणारे प्रतिबंधक तेल हातापायांना लावावे, पाचोळ्यावर बसू-निजू नये, घरी येताच गरम पाण्याने आंघोळ करून कपडेही गरम पाण्यात धुवावेत. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्रास कळवावे. एकाएकी थंडीताप, तीव्र डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली तर अंगावर काढू नये, आणि आपण रानात जातो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

मार्चअखेर

शेवटी त्या गोष्टीविषयी, जी आमच्याकडे कबुलीच्या वेळी नव्हे तर मिस्सेनंतर आवारात, आवाज खाली करून बोलली जाते. कर्ज. मार्चअखेर हप्ता भरावयाचा, नाहीतर व्याजाची सवलत जाते. भरावयाचा तर सावकाराकडून उचलावयाचे. अशा वेळी जो शेतकरी घरात बोलत नाही, रात्री झोपत नाही, मिस्सेस येणे सोडतो, त्याच्याकडे त्याच्या शेजाऱ्याचे लक्ष असले पाहिजे. बाहेरून निष्पर्ण दिसणारे झाड मेलेले नसते, पण माणूस स्वतःला मेलेला समजू लागला तर मात्र मोठा घात होतो. कर्ज हे पाप नाही. कर्जबाजारी माणूस देवाने टाकलेला नाही. ज्या कुटुंबावर असा प्रसंग असेल त्याने कोणत्याही वेळी आमचे दार ठोठवावे. रात्रीअपरात्री बोलावयास कोणी नसेल तर सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते, आणि तेथे आपल्या भाषेतही बोलता येते. औषध घेण्यात जशी लाज नाही तशी यातही नाही.

संत व्हिन्सेंट डी पॉल संघासारखे संघ धर्मग्रामात असतात ते याच दिवसांसाठी. प्रायश्चित्तकाळातील दानपेटी दूरच्या कार्यासाठी जाते हे योग्यच आहे, तरी तिच्यातील काही भाग आपल्याच गल्लीतील अडलेल्या घराला मिळावा असे आमचे स्पष्ट मत आहे.

एक सूचना

गोव्यात ऑगस्ट महिन्यात भाताच्या नव्या कणसांचा सण होतो. राय गावी तो ५ ऑगस्टला असतो. धर्मगुरू शेतात जाऊन पहिली कणसे कापतात, आशीर्वाद देतात आणि ती घरोघर जातात. आपले पुष्कळ पूर्वज तिकडूनच आले, पण आपल्या पूर्वेकडील गावांत भात नाही, त्यामुळे हा सण तेथे क्षीण झाला. आम्ही सुचवितो की, यंदा पास्काच्या रविवारी प्रत्येक शेतकरी कुटुंबाने शाळूचे एक कणीस, गव्हाची एक लोंबी किंवा हरभऱ्याची एक डहाळी वेदीपाशी आणावी. ज्याच्याकडे यंदा काही पिकले नाही त्याने पळसाची किंवा करंजाची एक कोवळी डहाळी आणावी. वल्हांडणाच्या सणात पहिली पेंढी देवासमोर येत असे, त्याच ऋतूत आपलीही येईल. हे धान्य पुढे ज्या घरी कमी असेल तेथे पोचते करू.

पास्काच्या जागरविधीला आपण मंदिराबाहेर अंधारात उभे राहतो, नव्या अग्नीवरून मोठी मेणबत्ती पेटते, तिच्यावरून आपल्या हातातील मेणबत्त्या पेटतात, आणि मग पाण्याला आशीर्वाद देऊन ते आपल्यावर शिंपडले जाते. आधी उजेड, मागून पाणी. आपल्या रानातही देवाने हाच क्रम ठेवला आहे. उजेड वाढू लागला आहे. पाणी मृगात येईल. तोवर जे साठविले आहे ते जपू या, जाळू नये ते जाळू नये, आणि शेजाऱ्याला एकटे सोडू नये.

उठलेला प्रभू आपल्या घरादारावर, शेतावर आणि गुराढोरांवर आपला आशीर्वाद ठेवो.

आपला,
धर्मगुरू